लाल चादरीची तक्रार घेऊन सोलापूरला

सोलापूरला कोणी देवाला जातं, कोणी लग्नाचा आहेर घ्यायला जातं. मी भांडायला गेले होते.

कारण आधी सांगते. चिपळुणात एका गॅस एजन्सीत मी तीस वर्षं तक्रारींचा फोन घेतला. निवृत्त झाल्यावर बाजू बदलली आणि स्वतःच तक्रारी करू लागले. मिक्सरचं भांडं गळतं, बिस्किटांचा पुडा वरून फुगलेला आणि आतून अर्धा रिकामा, बँकेचा ओटीपी वेळ संपल्यावर येतो, या प्रत्येकावर मी लिहिलेलं आहे. आमचे हे म्हणतात, "या घरात तुझी तक्रार नाही अशी वस्तू एकच, देव्हारा." स्वतःला त्यांनी त्यात धरलेलं नाही, हे त्यांचं शहाणपण.

गेल्या दिवाळीला मी मोबाइलवरून सोलापुरी चादर मागवली. लालभडक, मधोमध मोर. पहिल्याच धुण्यात तिनं रंग सोडला आणि सोबत भिजवलेले यांचे पांढरे लेंगे गुलाबी केले. पाडव्याला हे गुलाबी लेंगा घालून पाटावर बसले आणि मी ओवाळलं. दुसऱ्या दिवशी त्या अ‍ॅपवर मी पाचपैकी एक तारा दिला आणि लिहिलं, 'रंग जातो. जागोजागी गाठी. सोलापुरी म्हणून नकली माल गळ्यात मारतात. कोणीही घेऊ नये.' सोबत लेंग्याचा फोटो. हा फोटो लोकांना फारच आवडला असावा, कारण ती तक्रार वर वर चढत सगळ्यात पहिली दिसू लागली. मला तेव्हा मोठं समाजकार्य केल्यासारखं वाटलं होतं.

दोन महिन्यांनी खाली विक्रेत्याचं उत्तर आलं. 'ताई, हा माल आमचा नाही. आमचं नाव लावून कोणीतरी विकला असणार. कधी सोलापूरला आलात तर चादर घेऊन या. व्यंकटेश, अक्कलकोट रोड एमआयडीसी.' माझं डोकं फिरलं. चोराच्या उलट्या बोंबा! सुनंदा, माझी मावसबहीण, लग्न होऊन सोलापुरात गेली त्याला पंचवीस वर्षं झाली आणि दर वर्षी ती 'ये' म्हणत होती. फेब्रुवारीत मी पिशवीत चादर भरली आणि गेले.

सुनंदाच्या घरी

पहिली गोष्ट दिसते ती आभाळ. आमच्याकडे डोंगर, माड आणि ढग यांच्यामधून जेवढं शिल्लक राहील तेवढं आभाळ मिळतं. इथे ते जमिनीला टेकेपर्यंत मोकळं. शहराबाहेर ज्वारी उभी होती, कापणीला आलेली, आणि तिच्यावर ऊन असं पडलं होतं की फेब्रुवारी आहे यावर विश्वास बसू नये.

दुसरी गोष्ट दिसते ती पिंपं. सुनंदाच्या दोन खोल्यांच्या घरात निळी पिंपं, स्टीलचे हंडे, बादल्या, अगदी जुना कुकरसुद्धा पाण्यानं भरलेला. नळाला रोज पाणी येत नाही, तीन-चार दिवसांनी येतं, कधी त्याहून उशिरा. ज्या दिवशी येतं त्याला 'पाण्याचा दिवस' म्हणतात. साखरपुडा, दवाखाना, माहेरी जाणं, सगळं तो दिवस टाळून ठरतं. गल्लीचा व्हॉट्सअ‍ॅप गट आहे. त्यावर 'सुटलं' एवढाच शब्द येतो आणि आख्खी गल्ली घरी पळते. आमच्या चिपळुणात पुराचं पाणी न बोलावता उंबरा ओलांडून घरात येतं आणि कपाटाच्या दुसऱ्या कप्प्यापर्यंत चढतं. दोन्हीकडे लोक कर भरतात, निवेदनं देतात, मतंही देतात. पाणी मात्र कोणाच्याच निवेदनानं चालत नाही.

आणि हे सगळं कळायच्या आधीच मी माती खाल्ली. सकाळी लवकर उठायची माझी सवय. आमच्याकडे पिण्याचं पाणी रोज ताजं भरतात, कालचं शिळं म्हणून झाडांना घालतात. सुनंदा झोपलेली होती, म्हटलं तेवढीच मदत. दोन हंडे शिळं पाणी मी बाल्कनीतल्या मोगऱ्याला घातलं, हंडे लख्ख घासले आणि नळ सोडला. नळातून नुसती हवा आली.

सुनंदा उठून आली. रिकामे हंडे बघितले, मग मोगरा बघितला.

"वसूताई," ती म्हणाली, "झाड लई खूश असंल की आज."

एवढंच. ना कपाळाला आठी, ना टोमणा. नंतर खालच्या मजल्यावरच्या बाई न विचारता एक कळशी घेऊन आल्या. पाहुण्यांकडून असं होतंच, म्हणाल्या. मला इतकी लाज वाटली की पुढचे चार दिवस मी अर्ध्या बादलीत आंघोळ केली, आणि सांगते, होते. नीट होते.

दुपारी तिनं कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दही वाढलं. चटणी आमच्याकडेही पाकिटातून येते, पण ती पाकिटातली म्हणजे चटणीचं शपथपत्र. खरी चटणी उखळात कुटलेली असते, तिला तेल सुटलेलं असतं आणि ती भाकरीला धरून राहते. कडक भाकरी महिनाभर टिकते. कागदात गुंडाळली की झालं, ना पॉलिथिन, ना 'वापरण्याची अंतिम तारीख'. आपण पुडा फोडायला कात्री शोधतो आणि आतला माल दोन दिवसांत मऊ पडतो, याला सुधारणा म्हणायचं.

बाजारात

संध्याकाळी चादरींच्या दुकानांत गेलो. दुकानदार पाठमोरे बसून हिशेब बघत होते आणि गल्ल्याजवळची पैसे आल्याचं सांगणारी डबी त्यांच्या वतीनं बोलत होती. मला ती डबी आवडते. ती कोणालाही 'सुटे द्या' म्हणत नाही.

एका म्हाताऱ्या दुकानदारापुढे मी माझी लाल चादर टाकली. त्यांनी ती तळहातावर तोलली, काठ चोळला आणि परत घडी घालून माझ्याकडे दिली.

"काय वाटतं? खरी की खोटी?" मी विचारलं.

"बाई, मी विकनारा मानूस. सोलापूरच्या नावावर कुटंकुटं काय काय विकतात, छाप मारलेलंबी विकतात. पर ह्ये विनलेलं हाय. विननाऱ्याला दाखवा. मी खरी म्हनू नये, खोटी म्हनू नये."

सोलापुरी चादरीला सरकारी मानांकन आहे. नक्कल होऊ नये म्हणून कायदा आहे, शिक्का आहे. पण गिऱ्हाईक तो कुठे बघतं? मीही चादर घेताना दोनच गोष्टी पाहिल्या होत्या, फोटो आणि सूट.

अक्कलकोट रोड

व्यंकटेश मला मवाली निघायला हवा होता. निघाला चाळिशीचा, चष्म्याचा, शर्टावर कापसाची लव चिकटलेला माणूस. तेलुगू विणकरांचं घर, आजोबा हातमागावर, वडिलांनी यंत्रमाग घेतले, आता याचे आठ माग. त्यानं मला आधी खुर्ची दिली, मग तांब्याभर पाणी. त्या तांब्याची किंमत मला एव्हाना कळली होती, म्हणून तो मी पूर्ण प्यायले.

"मॅडम, तुमच्यावर राग नाही माझा," तो म्हणाला. "तुमच्या जागी असतो तर मीबी लिहिलं असतं. पण त्याचं काय झालंय, ते सांगतो."

झालं असं होतं. माझी तक्रार पहिली दिसू लागल्यापासून अ‍ॅपवरची मागणी आटत गेली. एवढ्यावर भागलं असतं. पण हुबळीचा एक व्यापारी दर हंगामात याच लाल चादरींचे गठ्ठे उचलायचा. त्यालाही कोणीतरी तो गुलाबी लेंगा दाखवला. त्यानं निरोप धाडला, ही तक्रार खोटी आहे असं त्या बाईकडून लिहून घ्या, तर माल उचलतो, नाहीतर राहू दे. तो माल महबूबचाचांच्या दोन मागांवर विणला जायचा. व्यापाऱ्यानं पाठ फिरवली तर पुढच्या सोमवारपासून ते दोन माग बंद. चाचा साठीच्या पुढचे, व्यंकटेशच्या वडिलांपासून इथेच.

"तुम्ही 'ती नकली होती' एवढं लिहिलं की बास," व्यंकटेश म्हणाला. "खोटं लिहा म्हणत नाही मी. नकलीच आहे ती. आमची लाल जात नाही कधी. आधी कारखाना बघा, पटलं तर लिहा."

मी आत गेले, आणि इथे माझी भाषा अपुरी पडते. आवाज कानात नाही, छातीत बसतो. आठ माग एकदम चालतात तेव्हा पायाखालची फरशी बोलते. मागाच्या वर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची लांबच लांब माळ फिरत असते. कुठे भोक आहे आणि कुठे नाही, एवढ्यावरून कोणता धागा वर जायचा हे ठरतं. आडवा धागा नेणारा धोटा इकडून तिकडे जातो, डोळ्याला दिसत नाही, आणि खाली मोराचा पाय उमटतो. मग पोट, मग पिसारा. मी हातातली पिशवी खाली ठेवायचं विसरले. मोबाइलवर बोटानं 'खरेदी करा' दाबताना या सगळ्याचा अंश तरी डोक्यात असतो का आपल्या?

तिथे कोणी बोलत नाही, बोलून ऐकूच येत नाही. ओठ आणि बोटं हलतात आणि कामं होतात. चाचांचे माग तीन आणि चार नंबरचे, ते पाठमोरे तीन नंबरशी होते. एकाएकी ते वळले, चार नंबरकडे गेले आणि माग थांबवला. शेकडो धाग्यांपैकी एक तुटला होता. त्यांनी दोन टोकं पकडली, बोटं हलली, गाठ बसली, माग सुरू. मी डोळे फाडून बघत होते तरी गाठ कशी मारली ते कळलं नाही. पाठ असताना कसं समजलं, हे मी नंतर विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "आवाज बदलतो की." त्या गदारोळात!

मला पटलं. असली माणसं रंग जाणारी चादर करणारच नाहीत. बाहेर येऊन मी चष्मा लावला आणि मोबाइलमध्ये लिहायला घेतलं, 'मी स्वतः सोलापूरला जाऊन खात्री केली. मला मिळालेली चादर नकली होती.' व्यंकटेशची बायको चहा घेऊन आली. तिनं "एमैंदी?" असं विचारलं, काय झालं म्हणून, आणि त्यानं मान हलवताच तिचा चेहरा असा सैल झाला की मला घरी कळवावंसं वाटलं, बघा, मीही कधीतरी कोणाचं भलं करते.

तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली. माग एकेक करून थांबले. चाचा हात पुसत बाहेर आले.

"नकली कशी काढत्यात, बगू तरी," ते म्हणाले. "हुन्नर तर त्याला बी लागत असंल."

मी पिशवीतून काढून टेबलावर ठेवलेली चादर त्यांनी मांडीवर घेतली, उलटी केली आणि डोळे दुसरीकडेच ठेवून बोटं फिरवू लागले. एका ठिकाणी बोट थांबलं. थोडं पुढे जाऊन पुन्हा थांबलं. मग त्यांनी चादर डोळ्यांजवळ नेली.

"मालक," ते म्हणाले, "ही आपलीच हाय."

व्यंकटेश हसला. "चाचा, नीट बघा. रंग सोडलाय तिनं."

"रंगाचं मला ठाव न्हाय. गाठ माझी हाय. मी डावरा हाय की. सगळ्यांच्या गाठीचं शेपूट हिकडं पडतं, माझं तिकडं पडतं. ह्यो बगा. आनि ह्यो. ही चार नंबरावरची हाय."

त्यांनी माझं बोट धरून त्या गाठींवर ठेवलं. मग शेजारच्या विणकराची चादर आणून तिच्या गाठींवर ठेवलं. खरंच, शेपटं उलट दिशेला होती. माझ्या तक्रारीतल्या 'जागोजागी गाठी' त्या याच.

चाचांना बोलायची गरज नव्हती, हे लक्षात घ्या. माझा मजकूर तयार होता, नुसतं बटण दाबायचं होतं. ते गप्प बसले असते तर सोमवारी त्यांचेच दोन माग चालू राहणार होते. हे त्यांना ठाऊक होतं, मी विचारून खात्री केली. "ठाव हाय की," ते म्हणाले. "पर माझी गाठ मीच वळखत न्हाय म्हनू?"

व्यंकटेश खुर्चीत बसला आणि त्यानं चष्मा पुसला. मग सांगू लागला. लाल सूत रंगवलं की पाणी नितळ निघेपर्यंत धुवावं लागतं, चार पाण्यांत, कधी पाच. मागच्या शेडमध्ये ते काम होतं. दिवाळीच्या आधी गडबड होती, नळाचा वार चुकला, टँकरही आला नाही. त्यानं तो ढीग दोन पाण्यांत उरकला.

"कामगारानं विचारलं होतं मला," तो म्हणाला. "मीच म्हणालो, चालतंय की. आणि विसरून गेलो, मॅडम. खरंच विसरून गेलो."

मला सुनंदाचा मोगरा आठवला. त्यापेक्षा जास्त मला मीच आठवले. तीस वर्षं मी फोनवर सांगत आले, 'सिलिंडरची गाडी निघालेली आहे'. गाडी समोर गोदामात उभी असायची, मला खिडकीतून दिसायची. लोक ताटकळायचे, कोणाच्या घरी बारशाचा स्वयंपाक अडायचा. खरं सांगितलं असतं तर माझा काही माग बंद पडणार नव्हता, पगार कापला जाणार नव्हता. तरी एकदाही माझ्या तोंडून 'चूक आमची आहे' निघालं नाही. चाचांपुढे बसून मला हे आठवलं आणि मान वर करवेना.

मी मजकूर पुसला. "आता जुनी तक्रार काढून टाकते," म्हटलं, "तेवढं तरी करू दे."

"नको," व्यंकटेश म्हणाला. "खरी आहे ती. राहू दे."

त्यानं माझ्यासमोर हुबळीला फोन लावला आणि सांगितलं की चादर आमचीच, धुण्यात मी हयगय केली. पलीकडचा माणूस कानडी वळणाच्या मराठीत बराच वेळ तापला. शेवटी म्हणाला, तुमच्याकडची सगळी लाल थप्पी तपासा. एक न् एक चादर. रंग जाणारी एकही माझ्याकडे आली तर पुन्हा फोन करायचा नाही. जितक्या धड निघतील तितक्या उचलीन, त्यावर पुढचं काम द्यायचं की नाही ते ठरवीन.

संध्याकाळी सुनंदाकडे बसून मी अ‍ॅपवर हे सगळं सविस्तर लिहिलं, गाठीसकट. दोन मिनिटांत उत्तर आलं, अभिप्राय केवळ वस्तूबद्दल असावा, आपला मजकूर नियमांत बसत नाही. माझा गुलाबी लेंगा मात्र नियमांत बसला होता आणि अजून बसलेला आहे. ग्राहकाला आवाज मिळाला म्हणतात तो हा. ओरडायला जागा आहे, सांगायला नाही. म्हणून इथे लिहिते आहे.

सोमवार

परतीची गाडी दुपारची होती. सकाळी निरोप घ्यायला पुन्हा अक्कलकोट रोडला गेले. सहा माग चालू होते. तीन आणि चार नंबर थांबलेले, त्यांच्यावर जुनी चादर झाकलेली. पुढे ते अठरा दिवस तसेच राहिले, मग सुरू झाले, हे मला फोनवर कळलं. त्या सकाळी मात्र ते सुरू होतील की नाही कोणालाच माहीत नव्हतं.

चाचा मागच्या अंगणात लाल चादरींच्या थप्पीजवळ बसले होते. शेजारी एक तांब्या पाणी आणि पांढरी चिंधी. चिंधी ओली करायची, मोरावर घासायची, उजेडात धरायची. पांढरी राहिली तर चादर उजवीकडे, हुबळीला. गुलाबी झाली तर डावीकडे, बाद. ती सगळी थप्पी चाचांच्याच दोन मागांवरची होती. जितक्या बाद होतील तितका ते माग पुन्हा सुरू व्हायचा भरवसा कमी होणार, आणि तपासायला त्यांच्याशिवाय कोणी नव्हतं. व्यंकटेश शेडमध्ये सूत पुन्हा धूत होता.

"ताई, गाडी चुकंल," ते म्हणाले.

"चुकू दे," मी म्हटलं आणि समोर बसले. त्यांनी चिंधी फाडून अर्धी मला दिली.

काही चादरींवर गुलाबी इतकं पुसट यायचं की मला वाटायचं, हे कोण बघणार? अशी एक मी उजवीकडे सरकवली. चाचांनी ती परत ओढली, पुन्हा घासली, चिंधी माझ्यापुढे धरली आणि चादर डावीकडे टाकली. दुपारपर्यंत डावा ढीग माझ्या कमरेला लागला. प्रत्येक चादर टाकताना ते उलट्या बाजूनं बोट फिरवत, शेपूट बघत, आणि स्वतःशीच म्हणत, "ही बी माझीच."